मानेसरच्या काटेरी कुंपणावरचा पुंजका

दिल्लीला जाऊन आलेला माणूस लाल किल्ला, कुतुबमिनार आणि पराठे या तीन विषयांवर महिनाभर बोलू शकतो. मी यातला किल्ला पाहिला नाही, मिनार धुक्यात दिसला नाही आणि पराठे तेवढे पोटभर खाल्ले. बाकीचा सगळा वेळ मी केस पाहिले. वाघाचे, सांबराचे, अस्वलाचे, मुंगसाचे. सावंतवाडीला परतल्यापासून जो तो विचारतो, "काय काय बघितलंत?" खरं उत्तर दिलं की समोरचा हळूच माझ्या तब्येतीची चौकशी करतो. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

मी आमच्या गावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्याकडे जंगल पार घराच्या परसात येतं. वनखात्याची माणसं अधूनमधून कागदाच्या पुडीत चार केस घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, हे कोणाचे?" मी भिंगातून पाहायची, चष्मा काढून पुसायची, पुन्हा लावायची आणि गंभीरपणे सांगायची, "बहुधा वन्यप्राण्याचे." एवढं त्यांनाही ठाऊक असायचं. दर वेळी ती माणसं नम्रपणे "थँक्यू" म्हणायची आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दिल्लीतल्या एका संस्थेत केसांवरून प्राणी ओळखायला शिकवतात असं कळलं, तेव्हा प्राचार्यांच्या मागे लागून मी रजा मिळवली आणि ऐन जानेवारीत निघाले. दिल्लीच्या जानेवारीबद्दल मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही असं नाही, पण कोकणातल्या माणसाला थंडी ऐकून कळत नाही.

लक्ष्मीबाई नगर

उतरले शीलाकडे. शीला साळवे माझी होस्टेलमधली खोलीची जोडीदार. एका स्टोव्हवर आम्ही कॉफी उकळली आणि एकमेकींच्या साड्या न विचारता नेसल्या. ती नगरची. केंद्र सरकारच्या नोकरीत लागली, बदलीने दिल्लीला आली आणि तिथलीच झाली. लक्ष्मीबाई नगरातलं तिचं सरकारी घर म्हणजे एक मजा आहे. खालच्या मजल्यावरून सांबाराचा वास येतो, समोरून मोहरीच्या तेलातल्या माशाचा, आणि मधल्या जिन्यात दोन्ही वास भेटून गप्पा मारत उभे असतात. शीला भाजीवाल्याशी हिंदीत भांडते, ऑफिसच्या फोनवर इंग्रजीत नमते, आणि जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना म्हणते ती मात्र अजून ठसठशीत नगरी मराठीत.

मी आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सुके बांगडे नेले होते. बॅग उघडली तशी ती बांगड्यांना नाक लावून डोळे मिटून उभी राहिली.

"इथे आयएनए मार्केटात सगळं मिळतं गं," ती म्हणाली, "पण त्याला हा वास नाही. अच्छा, आता बस. आधी चहा, मग अंघोळ."

"अंघोळ उद्या," मी म्हटलं. नळाला नुसतं बोट लावून पाहिलं होतं.

तिचे यजमान दौऱ्यावर होते, त्यामुळे त्यांची रजई, त्यांची टोपी आणि त्यांची कापूस भरलेली सुती बंडी माझ्या वाट्याला आली. बंडी माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होती. शीलाची मुलगी रिया संध्याकाळी कामावरून आली ती मला पाहून दारातच हसत सुटली. रिया इंजिनिअर. मानेसरला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात काम करते, पहाटे कंपनीच्या बसने जाते आणि दिवेलागणीला येते. जन्मापासून दिल्लीत, त्यामुळे तिच्या मराठीला अधूनमधून भोकं पडलेली असतात आणि ती त्यात हिंदी बुजवते.

मी कशासाठी आले ते तिला कळलं तेव्हा तिचं हसू एकदम थांबलं. "मावशी, म्हणजे तू केस बघून सांगू शकतेस, हा कुत्र्याचा की दुसऱ्या कुणाचा?"

"अजून नाही. त्यासाठीच तर आलेय."

"मग लवकर शीक ना यार. प्लीज."

मग जेवताना तिने सगळं सांगितलं. कारखान्याच्या गेटवर एक कुत्रा आहे, भूरा. बिस्किटी रंगाचा. रिया त्याला रोज डब्यातली एक पोळी देते. कारखान्यामागे अरवलीचा डोंगर आणि पायथ्याला एक जुनं गाव आहे. त्या गावातल्या एका म्हातारीच्या वाड्यातून आठवड्याभरात दोन शेळ्या गेल्या. ना रक्त, ना हाड. फक्त काटेरी कुंपणावर केसांचा एक पुंजका अडकलेला, आणि तो बिस्किटी. सगळ्या गावाने एकमताने ठरवलं की भूराच चोर. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी पंचायत बसणार आणि त्यानंतर भूराचं जे व्हायचं ते लाठ्यांनी होणार.

"आमच्या अ‍ॅडमिनवाल्याला मी रिक्वेस्ट केली, तर तो म्हणतो, गाववाल्यांशी पंगा नाही घ्यायचा," रिया म्हणाली. "मावशी, तो मुंगीवर पण पाय नाही ठेवत. बिल्कुल नाही."

शीलाने माझ्याकडे पाहिलं. मी कुळथाच्या पिठल्याकडे पाहिलं. शिकायला येऊन चार तास झाले नव्हते आणि एका जीवाची जोखीम माझ्या पदरात पडली होती.

लोकर दाराबाहेर

प्रयोगशाळेच्या दारात डॉ. नेगी उभ्या होत्या. गढवालच्या, बुटक्या, गोऱ्या, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला विद्यार्थी उठून बसावा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मैडम, स्वेटर उतारिए. शॉल भी. मोज़े ऊनी हैं?"

"हां. ठंड है ना."

"है तो," त्या आनंदाने म्हणाल्या. "उतारिए."

कारण सरळ होतं. लोकर म्हणजे मेंढीचे केस आणि पश्मिना म्हणजे बकरीचे. अंगावरून एक तंतू उडून काचपट्टीवर बसला की हिमालयातल्या हिमबिबट्याच्या विष्ठेत मेंढी निघते आणि बिचाऱ्यावर मेंढपाळांचं बालंट येतं. त्यामुळे देशभरातून आलेले आम्ही सगळे शिकाऊ लोक, दिल्लीच्या जानेवारीत, सुती कपड्यांवर सुती कपडे चढवून दात वाजवत बसलो. केरळचा एक गृहस्थ दोन लुंग्या गुंडाळून आला होता. माझी गुडघ्यापर्यंतची बंडी तिथे हेव्याचा विषय झाली.

काम मात्र असं मजेचं की थंडी विसरायला व्हावी. आयुष्यात कधी नेलपॉलिश लावलं नाही आणि पन्नाशी उलटल्यावर बिनरंगी नेलपॉलिशची बाटली घेऊन बसले. काचपट्टीवर त्याचा पातळ थर द्यायचा, त्यावर स्वच्छ केलेला केस ठेवायचा, थर अर्धवट वाळला की केस हलकेच उचलून घ्यायचा. ओल्या सिमेंटवरून कोंबडी गेली की पावलं उमटतात ना, तसा केसाचा ठसा मागे राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की त्यात खवले दिसतात. होय, केसाला खवले असतात! कुणाचे कौलांसारखे एकावर एक, कुणाचे लाटालाटांचे, कुणाचे फुलाच्या पाकळ्यांसारखे. मग आतली मज्जा पाहायची. केसाच्या मधून ती नळीसारखी जाते, कुणाची रुंद, कुणाची अरुंद, कुणाची तुटक. सांबराचा केस आतून मधाच्या पोळ्यासारखा भरलेला निघाला. मुंगसाच्या एकाच केसावर काळे आणि पांढरे पट्टे आलटून पालटून. आमच्याकडे सकाळी मुंगूस दिसलं तर दिवस चांगला जातो म्हणतात. याच पट्ट्यांच्या केसांसाठी रंगाचे ब्रश करणारे लोक मुंगसं मारतात हे नेगी मॅडमनी सांगितलं.

माझी पहिली फजिती दुसऱ्याच दिवशी झाली. एका पट्टीवर मला एक अजब केस दिसला. मज्जा जवळजवळ नाही, रंग तांबूस, वरून कसला तरी लेप दिल्यासारखा. पुस्तकातल्या एकाही प्राण्याशी जुळेना. मी उत्साहाने नेगी मॅडमना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, वर पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"मेहंदी लगाती हैं?"

वर्ग इतका हसला की कुणीतरी खिडकी बंद करायला धावलं. त्या दिवसापासून मी डोक्याला सुती रुमाल बांधू लागले. पण शिकत होते. आठवडा सरेपर्यंत कुत्रा, कोल्हा, शेळी, मांजर, बिबट्या एवढे मला न चुकता ओळखू येऊ लागले आणि घरी रियाला मी रोज संध्याकाळी धडा सांगू लागले.

मानेसर

रविवारी शीला चर्चला गेली आणि आम्ही दोघी मानेसरला. मेट्रो, मग शेअर ऑटो, त्यात माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईने विश्वासाने ठेवलेली मुळ्यांची पिशवी. रविवार असूनही रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या होत्याच. कारखान्यांच्या पांढऱ्या लांबलचक भिंती संपतात न संपतात तोच मागे डोंगर. आमच्या सह्याद्रीपुढे त्याला डोंगर म्हणायला जीभ धजत नव्हती. बुटका, खडकाळ, खुरट्या झाडांचा, दाढी न केलेल्या माणसासारखा. पण धुकं विरलं, ऊन पडलं आणि त्या करड्या खडकांवर मोरांची एक रांगच्या रांग उन्हं खात बसलेली दिसली. मी डोंगराची मनातल्या मनात माफी मागितली.

भूरा गेटवरच होता. रियाला पाहून त्याने आधी शेपूट, मग कंबर, मग सगळं अंगच हलवायला सुरुवात केली. मला कुत्र्यांचं विशेष वेड नाही, पण याने येऊन माझ्या पायावर डोकं टेकलं आणि एक सुस्कारा सोडला. मी विरघळले. हातमोजे काढून त्याचे कान खाजवले, पाठ चोळली, पोट चोळलं, पोळीचे तुकडे भरवले आणि हात रुमालाला पुसले. मग तो आमच्या पुढे पुढे, आपल्याच खटल्याला निघाल्याचा पत्ता नसलेला, गावाकडे चालू लागला. रियाने त्याला वेशीबाहेर बांधून ठेवलं.

म्हातारीचं नाव भतेरी. तिकडे मुलीवर मुली झाल्या की एखादीचं हे नाव ठेवतात, भतेरी म्हणजे पुष्कळ झाल्या. आमच्याकडे 'नकोशी' असते तशी. नाव ऐकून माझ्या पोटात तुटलं, पण भतेरी ताई तशी तुटण्यातली बाई नव्हती. उंच, घाघरा-ओढणी, हातात हुक्क्याची नळी. सारा गाव तिला ताई म्हणतो. तिकडे ताई म्हणजे थोरली चुलती, त्यामुळे मी ताई म्हटल्यावर ती माझ्याहून थोरलीच असल्याचं ठरलं आणि तिने मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. बाजरीची जाड भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, सरसोंची भाजी, गूळ आणि ताकाचा भलामोठा पेला. भाकरी आमचीच, पण लोणी एवढं की भाकरी शोधावी लागली.

जेवण झाल्यावर तिने कुंपण दाखवलं. बाभळीच्या, किकरच्या काट्यांची छातीएवढी भिंत. खालच्या काट्यात पुंजका अडकलेला.

"यो देख बेबे. रंग मिला ले उस कुत्ते तै."

रंग जुळत होता, यात शंका नव्हती. "ताई, रंग से कुछ नहीं होता," मी माझ्या कोकणी हिंदीत म्हटलं. "अंदर देखना पड़ता है. यहाँ जंगल में और कोई नहीं है? बघेरा?"

ती हसली. बघेरा म्हणजे बिबट्या, आणि तो कारखाने आल्यापासून कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. "फैक्टरियाँ आई जद तै किसे नै ना देख्या."

मग ती हुक्का खाली ठेवून रियाकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "छोरी, बघेरा ले ज्याता तो मैं चुप रहती. उसका पेट सै. पर इसनै तो मन्नै अपणे हाथ की रोटी खुवाई सै."

तेव्हा मला कळलं की म्हातारीचं दुःख शेळ्यांपेक्षा मोठं होतं. रियाची पोळी सकाळी खाणारा भूरा संध्याकाळी ताईची भाकरी खात होता. ती रागावली नव्हती, दगा झाल्याचं तिला लागलं होतं. मी पुंजक्यातले थोडे केस बोटांनी सोडवले, रुमालात बांधले आणि तिला वचन दिलं की जे असेल ते खरं सांगेन. रियाने माझ्याकडे अशा विश्वासाने पाहिलं की मला ताक जड वाटू लागलं.

साबुदाणा वडा आणि निकाल

सोमवारी सकाळी रुमाल उघडला. पुंजक्यात बहुतेक आखूड मऊ लव होती. लव उपयोगाची नसते, लांब ताठ केसच बोलतात. तसे जे मिळाले ते वेचून मी धुतले, ठसे घेतले, मज्जा पाहिली. पुन्हा पाहिली. संदर्भाच्या पट्ट्या शेजारी ठेवून तिसऱ्यांदा पाहिली. कुत्रा. सगळेच्या सगळे कुत्र्याचे.

मला माझ्याच नव्या विद्येचा राग आला. आठवडाभर आधी मी "बहुधा वन्यप्राण्याचे" म्हणून मोकळी झाले असते.

संध्याकाळी शीलाने आम्हा दोघींना कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात बोलावलं होतं. तिथल्या उपाहारगृहात थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी मिळते आणि दिल्लीभरचे घरासाठी झुरणारे मराठी लोक तिथे येऊन एकमेकांच्या ताटांत डोकावतात. शेजारच्या टेबलावर दोन अधिकारी इथला ठेचा जास्त तिखट की आईचा, यावर फाइल लढवावी तसे भांडत होते. एरवी मी त्यात उडी घेतली असती. आमच्यासमोर वडे आले, दही आलं, आणि रियाने विचारलं, "बोल ना मावशी."

मी सांगितलं. वड्याचा एक तुकडा तोडून तिने तो कितीतरी वेळ दह्यात फिरवला. मग म्हणाली, "तू चुकू शकतेस ना?"

"सगळे केस तेच सांगतात, बाळा."

"अच्छा," ती म्हणाली. तिचा तो 'अच्छा' मला अजून ऐकू येतो. शीलाने टेबलाखालून माझा हात दाबला. इतक्या चांगल्या वड्याची चव मला त्या दिवशी लागली नाही, हे मी त्या उपाहारगृहाची क्षमा मागून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मी नेगी मॅडमना पट्ट्या दाखवल्या. म्हटलं, निदान त्यांनी तरी माझी चूक काढावी. त्यांनी नीट पाहिल्या. "कुत्ता ही है," त्या म्हणाल्या. "बढ़िया स्लाइड बनाई है." शाबासकी मला आयुष्यात कधी एवढी कडू लागली नव्हती. त्या उठता उठता थांबल्या. "सैंपल कैसे उठाया?"

"हाथ से."

"उससे पहले हाथ ने क्या किया था?"

मी त्या हाताकडे पाहिलं. याच हाताने भूराचे कान खाजवले होते. पाठ चोळली होती. पोट चोळलं होतं. तो हात ज्या रुमालाला पुसला होता, त्याच रुमालात पुरावा बांधून आणला होता. आरोपीला पोटभर कुरवाळून मी त्याचेच केस त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे केले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सांगताना माझी हिंदी पार कोलमडली, पण मॅडमना सगळं समजलं. त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"दरवाज़े पर स्वेटर उतरवाती हूँ, कुत्ता उतरवाना भूल गई!" त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून एकदम कामाच्या आवाजात, "चलिए. मैं भी चलती हूँ."

पुन्हा डोंगराकडे

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या खेपेला आम्ही धुतलेल्या सुती कपड्यांत, चिमटे आणि कागदी पाकिटं घेऊन, वनरक्षकाला कळवून गेलो. गेटवर भूरा धावत आला. मी दोन्ही हात डोक्यावर धरून उभी राहिले आणि रियाने त्याला मागच्या मागे ओढून नेलं. तो माझ्याकडे इतका गोंधळून पाहत होता की मला त्याला समजावून सांगावंसं वाटलं.

नेगी मॅडमनी खालच्या काट्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. "ताई, खाट मिलेगी?" त्यांनी विचारलं. ताईने बाज आणून कुंपणाला लावली, मॅडम तिच्यावर चढल्या आणि कुंपणाच्या अगदी वरच्या काट्यांमधून त्यांनी चिमट्याने एकेक केस सोडवायला सुरुवात केली. लांब, ताठ. ताई खाली उभी राहून टक लावून पाहत होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती. तेवढ्या उंचावर कुत्र्याचं काय काम, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही मात्र निकाल राखून ठेवला, कारण उंचीवरून वाटणं वेगळं आणि केसाने सांगणं वेगळं. यावेळी भाकरीवर लोणी पहिल्यापेक्षा जास्त होतं.

दुसऱ्या सकाळी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. खवले पाहिले. कुत्र्याचे नव्हेत. मज्जा पाहिली. कुत्र्याची नव्हे. शेळीचीही नव्हे. मांजरकुळातला केस, पण घरातल्या किंवा रानातल्या मांजरापेक्षा कितीतरी जाड. पुढचा केस तसाच. त्याच्या पुढचाही तसाच. मॅडमनी आल्या आल्या मला बाजूला सारलं, एकामागून एक सगळ्या पट्ट्या पाहिल्या आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की माझा रुमाल सुटला.

"तेंदुआ. बोलिए, किसको फ़ोन करना है?"

मी रियाला फोन केला. ती यंत्रांच्या आवाजात होती. "मावशी, ऐकू नाही येत!" ती ओरडली. मीही ओरडले, "बिबट्या! बिबट्या आहे!" माझ्या मागे सगळी प्रयोगशाळा टाळ्या वाजवत होती. दोन लुंग्यांवाल्या गृहस्थाने मला मिठीच मारली. पलीकडून यंत्रांचा खडखडाट आणि त्यातून रियाचं हसणं की रडणं, ते मला ऐकू आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मीच निघाले होते, आणि दोर सोडवण्याचा मानही मलाच मिळाला. एवढी चैन फार थोड्यांच्या नशिबात असते.

रविवारी पंचायत बसली ती ताईच्या अंगणातच. शीलाही आली होती, चर्चमधून परस्पर, रेशमी साडीत. मी मोबाइलवर दोन्ही पट्ट्यांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले, हा भूराचा केस, हा कुंपणावरचा. पहिल्यांदा मी काय घोळ घातला तेही सांगितलं, कारण खरं सांगायचं वचन होतं. पागोटेवाले म्हातारे फोन हातोहात फिरवत होते, डोळ्यांजवळ नेत होते, लांब धरत होते. बिबट्या परत आल्याचं ऐकून कुणी घाबरलं नाही. उलट एक जण अभिमानाने म्हणाला की म्हणजे आपला डोंगर अजून जिता आहे. शेळ्यांच्या गोठ्यावर छप्पर घालायचं ठरलं आणि रिया व तिचे सहकारी कारखान्यातून परवानगी घेऊन जुनी लोखंडी जाळी घेऊन आले होतेच. दुपारभर हातोड्यांचे आवाज, मुळ्याचे पराठे आणि चहा. शीलाने रेशमी साडीचा पदर खोचून जाळी धरली.

ताई या सगळ्यात नव्हती. ती वेशीकडे गेली होती. आली ती भूराला घेऊन. दोरी नव्हती, तो आपणहून तिच्या मागे चालत होता, जरा अंतर ठेवून, कान पाडून. अंगणाच्या मधोमध ती खाली बसली. भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने आधी रियाकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि पुढे होऊन तिच्या हातातून तो घेतला. ताईने ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

"कल तै यो बकरियाँ कै साथ जावैगा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "म्हारै धोरे रहवैगा."

तो आता तिच्याकडेच राहणार, यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. रियाचा चेहरा मात्र उतरला. भूरा वाचला होता आणि त्याच क्षणी तिच्या गेटवरून जाणार होता. तिने ओठ आवळले, डोकं हलवलं, हो म्हटलं. मग तिला वेगळीच काळजी आठवली.

"पर ताई, तेंदुआ तो कुत्ते को भी उठा ले जाता है. रात को ये अकेला क्या करेगा?"

ताईने भूराच्या मानेवर हात ठेवला आणि रियाकडे असं पाहिलं, जणू एवढी शिकलेली मुलगी असला प्रश्न विचारतेच कशी.

"अकेला क्यूँ? मेरी खाट तळै सोवैगा. दिन में बकरियाँ नै यो राखैगा, रात नै इसनै मैं राखूँगी."